आदोळीवरून सुरीकडे

गेल्या वर्षी ऐन आषाढात आईच्या डाव्या तर्जनीला तीन टाके पडले. सुरण चिरताना सुरी घसरली, एवढेच निमित्त. आईचे वय आता पंचाहत्तरच्या पुढे. जवळजवळ साठ वर्षे तिने आदोळीवर भाजी चिरली, नुस्ते कापले, नारळ खोवले. या साठ वर्षांत बोट कधी कापलेच नाही असे नव्हे, पण टाके घालण्याची पाळी आली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचे नाही असे बजावले आणि आदोळी माळ्यावर गेली. आई ओट्यापाशी उभी राहिली. तिच्या हातात आम्ही काय दिले, तर कसल्याशा डिनर सेटबरोबर फुकट मिळालेली, प्लॅस्टिकच्या मुठीची, करवतीसारखे दाते असलेली सुरी.

दवाखान्यातून परतताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, "ही सुरी न्हय रे पुता, हो चमचो."

मी सरकारी कचेरीतला कारकून. आलेल्या कागदावर शेरा मारून तो पुढे सरकवणे हा माझा धर्म. पण हा कागद पुढे सरकवण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पणजीतल्या एका मोठ्या दुकानात गेलो. एका भिंतीवर सुऱ्याच सुऱ्या. जर्मन, जपानी, चिनी, आपल्याकडच्या. दीडशे रुपयांपासून पंधरा हजारांपर्यंत. विकणाऱ्या मुलाला विचारले, यातली चांगली कोणती? तो म्हणाला, "सगळ्या चांगल्याच आहेत सर." इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला एक वाईट खोड असते. वस्तू घ्यायला जावे आणि ती आली कुठून याचाच शोध घेत बसावे. माझेही तेच झाले. सुरी घरात यायला चार महिने लागले, पण त्या निमित्ताने जे वाचले आणि पाहिले ते सांगण्यासारखे आहे.

आधी आदोळीविषयी. महाराष्ट्रात हिला विळी म्हणतात, तेरेखोलच्या पलीकडे मालवणीत आडाळो. बेळगावात दिलेल्या माझ्या बहिणीच्या शेजारणी तिला ईळिगे मणे म्हणतात. तामिळनाडूत अरिवाळमणै, आंध्रात कत्तिपीट, बंगालात बोटी. म्हणजे उभ्या पात्यावर बसून चिरण्याची पद्धत अर्ध्या हिंदुस्थानची आहे. एक फळी, तिच्यावर उभे केलेले बाकदार पाते, आणि पात्याच्या टोकाला खोवण्यासाठी दात्यांची चकती. एका पायाने फळी दाबून धरायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

सुरीत आणि आदोळीत फरक आकाराचा नाही, कामाच्या रीतीचा आहे. सुरीत भाजी स्थिर असते आणि पाते हलते. आदोळीत पाते स्थिर असते आणि भाजी हलते. सुरी वापरताना एक हात सुरीने अडवलेला असतो, दुसऱ्या हाताने भाजी धरायची आणि पाते त्याच हाताच्या दिशेने चालवायचे. आदोळीवर दोन्ही हात भाजीला धरून असतात, नजर धारेवर असते आणि शरीराचा भार फळीवर. म्हणून तर मासळीबाजारातली बाई गप्पा मारता मारता दोन मिनिटांत विसवणाचे तुकडे पाडते. साठ वर्षे अशा सवयीच्या हातांना आम्ही एका दिवसात उलट शिकवायला निघालो होतो, तेही बोथट सुरी देऊन. धार नसलेली सुरी सुरक्षित असते हा गैरसमज अनेक घरांत आहे. खरे तर उलट आहे. धारदार पाते टेकवले तिथे रुतते. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, सुरणाच्या किंवा भोपळ्याच्या टणक सालीवर ते घसरते, आणि दिलेला सगळा जोर बोटावर येतो.

भाषेनेसुद्धा हा फरक जपून ठेवला आहे. भाजी आपण चिरतो, मासळी कापतो, काकडी तासतो, नारळ खोवतो, पालेभाजी खुडतो. 'सुरी' हा शब्द संस्कृत क्षुर, क्षुरिका या कुळातला, म्हणजे मूळ वस्तऱ्याच्या घराण्यातला. 'चाकू' फारसीतून आला. 'पोलाद' हाही फारसीच. कन्नडमध्ये पोलादाला उक्कु म्हणतात, आणि युरोपियनांनी दक्षिणेतल्या पोलादाला जे 'वूट्झ' नाव दिले ते याच उक्कुचे रूप मानले जाते.

या वूट्झचा सुरीशी जवळचा संबंध आहे. आजच्या तेलंगणातले कोनसमुद्रम हे गाव एके काळी मुशीत वितळवून केलेल्या पोलादासाठी प्रसिद्ध होते आणि तिथला माल न्यायला इराणचे व्यापारी येत. १७९४ मध्ये मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. तिथे जेम्स स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराने त्याचा चाकू घडवला आणि तो त्या पोलादाच्या प्रेमातच पडला. पुढे १८२० च्या सुमारास याच स्टोडार्टने, विजेच्या शोधांसाठी आपण ज्याला ओळखतो त्या मायकेल फॅरेडेला सोबत घेऊन, तसे पोलाद विलायतेत करण्याचे प्रयोग केले. फॅरेडे हा लोहाराचा मुलगा, हे मला तेव्हाच कळले.

आता आपल्या गोव्याकडे. नोव्हेंबर १५१० मध्ये आफोंस द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा घेतला, तेव्हा त्याच्या हाती नुसते बंदर लागले नाही, इथले बंदुका घडवणारे कारागीरही लागले. त्यांचे काम पाहून तो चकित झाला. १५१३ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला जे कळवले त्याचा आशय असा, की हे लोक बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका घडवतात. त्या काळी बोहेमिया हे बंदुकांचे माहेर. आपल्या शालेय इतिहासात आल्बुकेर्कच्या तलवारीविषयी पुष्कळ असते, पण त्याला थक्क करणाऱ्या लोहाराविषयी एक ओळ नसते. असो.

इथून गोष्ट जपानला जाते, आणि माझ्या मते तीच या सगळ्यातली सर्वांत मजेशीर आहे. १५४३ मध्ये काही पोर्तुगीज एका चिनी गलबतातून जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. त्यांच्याजवळच्या बंदुका तिथल्या सरदाराने विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराकडून तशाच घडवून घेतल्या. या बंदुकांचा चाप ज्या पद्धतीचा होता तो युरोपातल्या त्या वेळच्या बंदुकांपेक्षा गोवा आणि मलाक्का इकडच्या घडणीशी जुळतो, असे या विषयाच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे जपानी बंदुकीची पणजी बहुधा आपल्याकडची. (पणजी म्हणजे आजीची आई, राजधानी नव्हे, तरी तेही फार चुकायचे नाही.)

ओसाकाजवळचे साकाई हे शहर थोड्याच वर्षांत बंदुकांचे मोठे केंद्र झाले. पोर्तुगीजांनी जपानला दुसरी एक गोष्ट दिली, ती म्हणजे तंबाखू. तंबाखूची पाने केसासारखी बारीक कातरायला अतिशय धारदार सुरी लागते. साकाईच्या लोहारांनी ती बनवायला घेतली आणि इतकी उत्तम बनवली, की पुढे शोगुनच्या सरकारने त्यांच्या मालाला खास शिक्का बहाल केला. आज जगभरचे नामांकित आचारी साकाईच्या सुरीसाठी वाटेल ती किंमत मोजतात. दुकानाच्या भिंतीवर पंधरा हजारांची जी सुरी टांगलेली होती तिच्या डबीवर साकाईचेच नाव होते. ते पाहून मला उगाचच हक्काची भावना झाली. विकणाऱ्या मुलाला हे सांगायला लागलो, पण तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक आले.

गंज न चढणाऱ्या सुरीचा जन्मही बंदुकीपासूनच झाला. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली नावाचा संशोधक बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून वेगवेगळी पोलादे करून पाहत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले पोलाद ओतले. ते सहजासहजी गंजत नाही हे लक्षात आल्यावर त्याला नळी सुचली नाही, सुरी सुचली, कारण शेफील्ड हे सुऱ्यांचेच गाव. पण सुरीवाल्यांनी सुरुवातीला नाके मुरडली. या पोलादाला पाणी पाजायचे तापमान नेहमीच्या पोलादापेक्षा वेगळे, ते त्यांना जमेना, आणि न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक म्हणून ब्रिअर्लीची थट्टा झाली. आई रिक्षात जे म्हणाली तेच शेफील्डच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी म्हटले होते. आजही बाजारातल्या स्वस्त स्टेनलेस सुरीचे दुखणे तेच आहे. ती चकाकते, गंजत नाही, आणि कापतही नाही.

गोव्याच्या घरात सुरी नव्हती असे समजू नये. ख्रिस्ती घरांत पावासाठी, मांसासाठी ती पूर्वापार होती. पण रोजची भाजी आणि नुस्ते, मग घर हिंदूचे असो की ख्रिस्त्याचे, आदोळीवरच. १९५० च्या दशकात आपले खनिज लोखंड बार्जींतून मुरगावला आणि तिथून जपानला व पश्चिम जर्मनीला जाऊ लागले. त्याच सुमारास, १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर, गोव्याची दुकाने परदेशी मालाने भरली. आमच्या आजोबांचा वस्तरा जर्मनीतल्या सोलिंगन गावचा होता आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान. सोलिंगन हे जर्मनीचे सुऱ्यांचे गाव. ते नाव दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून तिथे १९३८ पासून कायदा आहे. म्हणजे बघा, आपली माती गेली ती सुऱ्या घडवणाऱ्या दोन देशांकडे. आपल्या डिचोलीच्या मातीतून झालेला एखादा वस्तरा परत डिचोलीत आला नसेलच असे कोण सांगेल?

आदोळी मात्र हटली ती गॅसमुळे. चूल जमिनीवर, म्हणून रांधणारी जमिनीवर, म्हणून चिरणेही जमिनीवर. देशात १९६५ साली इंडेनचा गॅस सुरू झाला आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत तो गावोगाव पोचला. शेगडी वर चढली, तिच्यासाठी ओटा आला आणि बाई उभी राहिली. कंबरेला ते बरेच झाले, याविषयी वाद नाही. पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. आदोळीला तिचा लोहार होता. पात्याची धार गेली की म्हेस्ताकडे न्यायची, नाहीतर घरच्या दगडावर घासायची. खंडेनवमीला कोयता, आदोळी, पारय सगळे धुऊन, घासून देवापुढे मांडायचे, त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी सर्व हत्यारांची तपासणी व्हायची. सुरी आली ती एकटीच आली. तिच्याबरोबर धार लावणारा आला नाही. सायकलच्या चाकावर सहाण फिरवत 'धाऽऽर' म्हणून ओरडणारा माणूस आमच्या वाड्यावर मी शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही. आपण सुरी विकत घेतो, ती बोथट होईपर्यंत वापरतो, आणि नंतर कित्येक वर्षे बोथटच वापरतो.

म्हणून सुरी निवडताना माझी कसोटी हळूहळू बदलत गेली. दुकानात असताना ती किती धारदार आहे याला फारसे महत्त्व नाही, नवी सुरी सगळ्यांचीच कापते. घरी तिला पुन्हा धार लावता येते का, हा खरा प्रश्न. दाते असलेल्या सुरीला घरी नीट धार लावता येत नाही, म्हणून ती पावापुरती ठेवावी. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल नावाच्या मापाने मोजतात आणि चांगले कारखाने तो सांगतात. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८, जपानी ६० आणि वर. अंक मोठा म्हणजे धार जास्त दिवस टिकते, पण पाते ठिसूळ होते. मी हे वाचले होते, तरी मोहात पडून तीन हजारांची एक जपानी 'सांतोकू' आणलीच. पहिला आठवडा स्वर्ग. टोमॅटोचे काप कागदासारखे. दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः तिने इसवणाचा काटा तोडायला गेलो आणि धारेचा मुगाच्या डाळीएवढा टवका उडाला. दोष सुरीचा नव्हता. ती भाजीची आणि हलक्या हाताची सुरी. आपल्या घरात तीच सुरी नारळाच्या कातळीवर, शेवग्याच्या शेंगेवर आणि माशाच्या मणक्यावर चालते.

बाकी गोष्टी हातात धरल्यावरच कळतात. रोजच्या चिरण्याला सात इंचांच्या आसपासचे पाते पुरते. आठ इंचांचे आईला जड झाले, पाच इंचांत कोबी मावेना. पात्याची रुंदी अशी हवी, की खाली फळीवर चिरताना मूठ धरलेली बोटे फळीला आपटू नयेत. पात्याचे लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे, नाहीतर सुरण कापताना मूठ हलू लागते आणि फटीत घाण साचते. मूठ ओल्या हाताने धरून पाहावी. आमच्याकडे पावसाळ्यात कोरडा हात असतोच कधी? आणि चिरायला लाकडी फळी घ्यावी. ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चिरले, की कितीही महाग सुरी आठवड्यात चमचा होते.

शेवटी शुक्रवारी रजा टाकून म्हापशाच्या बाजारात गेलो. कोयते, आदोळ्या, काती घेऊन बसलेल्या एका म्हेस्ताला आईची अडचण सांगितली. त्याने आधी विचारले, उंची किती, ओटा किती उंच, हात डावा की उजवा. दुकानातल्या मुलाने यातले काहीच विचारले नव्हते. मग म्हणाला, ट्रकच्या पाट्याची करून देतो. गाडीच्या स्प्रिंगचा हा पाटा म्हणजे सुमारे अर्धा टक्का कर्ब असलेले चिवट पोलाद. आपल्याकडचे अनेक लोहार कोयते त्याचेच करतात. पंधरा दिवसांनी सुरी मिळाली. पाते सात इंच, फणसाच्या लाकडाची मूठ, दिसायला काळीसावळी. किंमत त्याने साडेचारशे सांगितली, मी घासाघीस केली नाही.

ही सुरी गंजते. कैरी, बिमली, सोलां यांनी काळी पडते, केळफूल चिरले तर केळफूलही काळे पडते. आमच्या सौभाग्यवतींना ते चालेना. तिला साडेआठची बस गाठायची असते. सुरी धुऊन, पुसून, खोबरेल लावून ठेवायला तिला वेळ नाही, आणि तिचे म्हणणे रास्त आहे. तिच्यासाठी साधी, जरा मऊ पोलादाची स्टेनलेस सुरी आणली. तिची धार लवकर जाते, पण दगडावर चार वेळा ओढली की परत येते. आईला मात्र काळ्या पात्याचे काहीच वाटले नाही. आदोळीचे पाते काळेच होते. काम झाले की पदराला पुसायचे ही सवय तिच्या हातात आधीपासूनच आहे.

धार लावायचे काम आता माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी एक दगड पाण्यात भिजत घालतो. बारीक-जाड अशा दोन बाजूंचा दगड मिळतो. एक हजार नंबरची बाजू रोजच्या धारेला पुरते, चारशेची फक्त टवका उडाला असेल तर. पाते दगडावर पंधरा-वीस अंशांत तिरके धरून दोन्ही बाजूंनी सारखे ओढायचे. पहिल्या महिन्यात मी होती ती धारही घालवली. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडसुद्धा चालते, हे मला म्हेस्ताने दाखवले. फुटक्या कौलाविषयी आईने सांगितले.

आदोळी माळ्यावरून खाली आली आहे. नारळासाठी तिला पर्याय नाही. गावच्या सुताराने तिची फळी एका जुन्या टेबलाला दोन स्क्रूंनी बसवून दिली, आई खुर्चीवर बसून खोवते.

यंदा चवथीच्या दुसऱ्या दिवशी खतखते केले. सुरण, कोनफळ, कच्ची केळी, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याचे कणीस. गेल्या वर्षीचे बोट आठवून मी म्हटले, आई, सुरण मी चिरतो. तिने ऐकले नाही. सुरणाचा मोठा गड्डा फळीवर ठेवला, डाव्या हाताची बोटे आत दुमडली आणि पाते टेकवले. मी शेजारी उभा राहून बघत होतो. दोन काप झाल्यावर ती म्हणाली, "बाजूला हो रे, उजेड अडतो."